टायर कोणी झिजवले

शुद्धिपत्रकाकांना विजेवरची गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिच्या बाबतीत आपल्या हातून एकही चूक झालेली नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

चुका या विषयात काकांच्या मताला वजन होतं. छत्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासली होती. शाळेची पुस्तकं, कादंबऱ्या, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातले घडी घातलेले कागद, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलं होतं. शुद्धिपत्र हे नाव त्यांना तिथल्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी ठेवलं. ते छापखान्यातून इमारतीत आलं आणि काकूंच्या मैत्रिणीसुद्धा "तुझे शुद्धिपत्र कसे आहेत?" असं विचारू लागल्या. काका वरवर कपाळाला आठ्या घालत. मनातून त्यांना ते नाव आवडत असे.

निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. चार वर्षांत एक मुद्रित घरी आलं नाही. सकाळी पेन्सिलीला टोक करायचं आणि संध्याकाळी ते जसंच्या तसं आहे ना ते बघायचं, एवढंच काम उरलं. आणि मग गाडी आली. गाडीबरोबर तीनशे बारा पानांचं माहितीपुस्तक आलं.

गाडी लेकीच्या आग्रहामुळे घेतली होती. काकांचा आग्रह माहितीपुस्तकाचा. शोरूममधला माणूस म्हणाला की हल्ली ते कोणी वाचत नाही, सगळं फोनवर असतं, तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत जाऊन धूळ झटकत पुस्तक घेऊन आला. पुढचे सतरा दिवस गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये चार्जरपाशी दावणीला बांधल्यासारखी उभी होती आणि काका वर टेबलाशी बसून तिचं पुस्तक वाचत होते. अनुवाद कोणी केला होता देव जाणे. एका पानावर गाडीला "अंघोळ" घालायला सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर डाव्या आरशाचं चित्र होतं आणि खाली उजव्या आरशाची माहिती. काकांना कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

एकाहत्तराव्या पानावर टायरमध्ये हवा किती भरावी ते दिलं होतं. अडतीस.

काका हसले. त्यांच्या जुन्या गाडीत बावीस वर्षं अठ्ठावीस हवा होती. तीत एकदा पंपवाल्यानं बत्तीस भरली, तर गाडी चेंडूसारखी उड्या मारत घरी आली होती. गाडीच्या चाकात अडतीस? आणि चूक कशी झाली तेही त्यांना लख्ख दिसत होतं. खिळ्यांच्या पेटीत दोन आणि तीन या आकड्यांची घरं शेजारीशेजारी असतात. हात दोनाकडे जावा आणि तीन उचलला जावा, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. हे पुस्तक खिळ्यांवर छापलेलं नाही, ते संगणकावर झालंय, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. तीनावर आडवी रेघ मारून त्यांनी समासात दोन लिहिला. खाली आपलं आद्याक्षर आणि तारीख टाकली. छापखान्याचा तसा नियम होता. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं सही करायची, म्हणजे उद्या काही भानगड झाली तर कोणाला विचारायचं ते कळतं.

मग गाडीपाशी जाऊन पाहतात तो चालकाच्या दाराआड, खालच्या बाजूला, एक चिकटपट्टी. तिच्यावरही अडतीस. काकांना नवल वाटलं नाही. चूक एकदा छापली गेली की ती एकटी राहत नाही, तिची पोरंबाळं होतात. त्यांनी न पुसल्या जाणाऱ्या शाईचं बारीक पेन आणलं आणि तिथंही दुरुस्ती केली. आद्याक्षर, तारीख.

एकूण दोनशे बारा चुका निघाल्या. नऊ पानी पत्र कंपनीला गेलं. दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. ते पत्र काकांनी पुस्तकाच्याच पहिल्या पानाला टाचणीनं लावून ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी काका हातात हवामापी घेऊन तळघरात उतरत. चारही चाकांपाशी एकेकदा वाकून हवा बरोबर अठ्ठावीस आहे याची खात्री करत. पहिल्याच आठवड्यात काचेसमोर एक पिवळा दिवा लागला तेव्हा ते जरा चरकले होते, पण पुस्तकातच उपाय होता. योग्य हवा भरल्यावर अमुक बटण दाबून धरावं, म्हणजे गाडी तीच हवा लक्षात ठेवते. काकांनी बटण दाबून धरलं. दिवा विझला. गाडीलाही पटलं, असं काकांनी मानलं. सर्व्हिसला गाडी गेली की तिथली माणसं यंत्राला आकडा सांगून अडतीस भरून पाठवत. काका घरी येऊन निमूटपणे दहा-दहा कमी करत. बिचाऱ्यांचा काय दोष, त्यांनीही तेच पुस्तक वाचलेलं.

आता काकूंचं सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट त्यांच्या किल्लीची आहे.

काकूंनी आयुष्यात तीन वेळा गाडी शिकायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा त्या क्लचपाशी अडल्या. डावा पाय सोडायचा की दाबायचा याचा निर्णय होईपर्यंत गाडी आचके देऊन बंद पडे. तिसऱ्या मास्तरांनी हात जोडले. विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, खाली फक्त दोन पायपट्ट्या, हे लेकीनं सांगितलं तेव्हा काकू एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग एवढी वर्षं तिसरी पट्टी कशाला ठेवली होती मेल्यांनी?" आणि अकरा दिवसांत शिकल्या.

काकूंच्या तीन मैत्रिणी होत्या आणि चौघींचे मिळून आठ गुडघे होते, त्यांतले सहा दुखत. शहराच्या दुसऱ्या टोकाला झाकलेला, कोमट पाण्याचा तलाव होता. तिथं पाण्यात उभं राहून व्यायाम केला की गुडघ्यांना आराम पडे. पूर्वी काका पोचवत. काका ताशी तीसच्या वर जात नसत, त्यामुळे चौघी पोचेपर्यंत निम्मा वर्ग पाण्याबाहेर आलेला असे. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळचे साडेसहा वाजले की काकू स्वतः तिघींना गोळा करत आणि वेळेआधी पाच मिनिटं तलावावर हजर असत. पाय ठेवला की गाडी सुटते, असं त्या कौतुकानं सांगत. सिग्नल हिरवा झाला की शेजारची मोटारसायकल अजून विचार करत असे तोवर काकू पुढच्या सिग्नलला पोचलेल्या असत. मागच्या सीटवरच्या मैत्रिणींची पाठ टेकायची आणि तिघी एकदम "अगंबाई" म्हणायच्या. त्यातलं एकही अगंबाई तक्रारीचं नसे.

शनिवारी दुपारी लेक आली. ती एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. कुठं काही पडलं, घसरलं, फुटलं की ते का झालं हे शोधून काढायचं, हेच तिचं काम. घरी आली तरी ते काम तिच्या अंगातून उतरत नसे. तळघरात गाडी लावून वर येण्याऐवजी तिनं खालूनच फोन केला.

"बाबा, आई, दोघं खाली या."

दोघं गेले. लेक काकांच्या गाडीच्या टायरपाशी उकिडवी बसली होती.

"हात लावून बघा."

काकांनी हात लावला. टायरची कड गुळगुळीत होती, धुतलेल्या बशीसारखी.

"किती किलोमीटर झाली गाडी?"

"सतरा हजार दोनशे," काका म्हणाले.

"सतरा हजारांत ही दशा? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलात तर गाडी थांबायची नाही. कोण चालवतंय अशी?"

"मी तीसनं चालवतो," काका म्हणाले.

"ते जगाला माहितेय, बाबा."

सगळे काकूंकडे बघू लागले. सगळे म्हणजे दोघंच, पण काकूंना ते दहा जणांसारखे वाटले असावेत. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? मी चालवते, कुरतडत नाही."

"हिच्या पायाबद्दल मी आधीच बोललो होतो," काका म्हणाले. बोलले नव्हते. मनात म्हणाले होते, पण रोज. "एका चार्जिंगमध्ये गाडी जेवढं जायला हवी तेवढं जात नाही, हेही मी पाहतोय. तीसेक किलोमीटर कमीच भरतात. जोरात सोडली की वीजही जाते आणि रबरही."

"तुम्ही दोघंही साठीच्या पुढचे," लेक म्हणाली. "मला खरंतर कोणीच चालवू नये असं वाटतं. पण निदान ज्याची चूक आहे त्यानं तरी थांबावं."

"मान्य," काका म्हणाले. आपण निर्दोष आहोत याची खात्री असलेला माणूस किती उदार होतो, ते त्या क्षणी काकांकडे बघून कळलं असतं. "उद्या टायरवाल्याकडे जाऊ. तो या धंद्यातला जाणता आहे. ज्यानं टायर झिजवले असं ठरेल, त्यानं आपली किल्ली द्यायची. कायमची. मग तो मी असो की ही."

"ठरलं?" लेकीनं आईला विचारलं.

काकूंनी हातातला पदर सोडला. "ठरलं," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी काका पुस्तक उघडून बसले होते पण वाचत नव्हते. काकू स्वयंपाकघरात फोनवर बोलत होत्या आणि भिंत पातळ होती. "मंगळवारचं येईन गं... त्यानंतरचं नाही सांगता येत. बसनं जायचं म्हटलं तर दोन बदलाव्या लागतात, आणि पायऱ्या किती उंच त्या... नाही नाही, भांडण नाही. टायर झिजलेत."

फोन ठेवून त्या बाहेर आल्या, समोर बसल्या, आणि न विचारता म्हणाल्या, "मी उडी मारते, खरंय. सिग्नलला."

"कशाला मारायची?"

"बावीस वर्षं तुमच्या शेजारी बसून मी आपल्या पुढं गेलेल्या गाड्या मोजल्यात. म्हटलं, आता थोड्या परत कराव्या."

काकांनी पुस्तकात डोकं घातलं. त्यांना वाईट वाटत होतं. आणि वाईट वाटण्याच्या तळाशी थोडंसं बरंही वाटत होतं, ते त्यांना स्वतःलाच आवडलं नाही. उद्यापासून पुन्हा आपणच तिघी-चौघींना पोचवायचं, तलावाबाहेर सावलीत पुस्तक घेऊन बसायचं. कोणाला तरी आपली गरज पडेल. त्यांनी पान उलटलं आणि दोन पानं एकदम उलटली गेली.

रविवारी सकाळी काका गाडी घेऊन पुढं गेले. मायलेकी भाजी घेऊन लेकीच्या गाडीनं मागून येणार होत्या.

टायरवाल्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची लांबडी खोली. भिंतीला टायर टांगलेले, मधे जमिनीत तेलाचे डाग, कोपऱ्यात हवेचं यंत्र धापा टाकत होतं. टायरवाला पन्नाशीचा, हाताला कायमचा काळा रंग चढलेला. बोलताना तो माणसाकडे बघत नसे, चाकाकडे बघे.

"विजेची ना?" तो म्हणाला. "थांबा, जॅक नीट लावू दे. हिच्या पोटात बॅटरी असते. भलतीकडे जॅक लावला की पोटात खड्डा पडला म्हणून समजा, आणि मग टायरच्या चारपट रडायचं." त्यानं गाडीखाली वाकून खुणेची जागा शोधली, रबराची चकती ठेवली, आणि गाडी हळूहळू वर आली. "तुमच्या जुन्या गाडीपेक्षा ही किती जड असेल सांगा."

"किती?"

"पाच-सहा माणसं कायम आत बसल्यासारखी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसलं काम. त्यात हिची ओढ एकदम. पाय ठेवला की सगळं बळ चाकात. पाय काढला की चाकच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक नुसता बसून खातो. त्या ब्रेकला काम नसल्यामुळे गंज चढतो आणि टायर बिचारा दुप्पट राबतो. या गाड्यांचे टायर लवकर जातात, काका. तीस-पस्तीस हजार म्हणजे चांगले गेले म्हणायचे."

"हे सतरा हजारांत गेलेत," काका म्हणाले. आणि मग, आपण अगदी निःपक्षपाती आहोत अशा आवाजात, "आमच्याकडे एक जण सिग्नलला जरा जोरात सोडतं."

टायरवाल्यानं पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. मग मागच्या. मग पलीकडे जाऊन उरलेल्या दोन. परत आला तेव्हा तो पहिल्यांदाच काकांच्या तोंडाकडे बघत होता.

"या गाडीची ओढ पुढच्या दोन चाकांना आहे. उड्या मारून गाडी काढली तर पुढची दोन झिजतील. मागच्यांनी काय घोडं मारलंय? इथं चारही गेलेत. आणि बघा, मधली नक्षी शाबूत, दोन्ही कडा साफ. याचा अर्थ काय?"

"काय?"

"पायाचा संबंधच नाही. हवा कमी. एवढं वजन घेऊन टायर पसरून चालतो, कडांवर. घोडं तिथं पेंड खातंय. किती हवा ठेवता?"

"जेवढी हवी तेवढी," काका म्हणाले. "दर रविवारी बघतो. स्वतः. बरोबर अठ्ठावीस."

"अठ्ठावीस?" टायरवाला असा म्हणाला, जसं कोणी सांगितलं की आम्ही बाळाला दर रविवारी थोडं उपाशी ठेवतो. "काका, ही काय सायकल आहे? हिला अडतीस लागते. दारावर लिहिलेलं असतं, हे बघा." त्यानं दार उघडलं, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

बराच वेळ गेला असं काकांना वाटलं.

"हे कोणीतरी खोडलंय," टायरवाला म्हणाला. "कुठल्या दीडशहाण्यानं..." तो आणखी जवळ गेला. "खाली सही पण ठोकलीय. तारीख पण." मग सरळ उभा राहून, अंगावर येणार नाही अशा बेतानं त्यानं विचारलं, "काका, तुमचं आद्याक्षर काय हो?"

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काकांनी पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ती करणाऱ्याचा चेहरा कसा होत असेल याचा त्यांना प्रश्न पडायचा. आता आरशाची गरज नव्हती.

त्यांना सगळं आठवू लागलं, एकेक रविवार. चाकापाशी वाकून कानाला गोड वाटणारी ती हवेची शीळ. विझवलेला पिवळा दिवा. सर्व्हिसवाल्यांची केलेली कीव. आणि कमी पडणारे तीस किलोमीटर, ज्यांचा हिशोब त्यांनी रोज मनातल्या मनात काकूंच्या उजव्या पायावर मांडला होता. मऊ टायर ओढताना गाडीची दमछाक होत होती, दुसरं काही नाही.

टायरवाला मनाचा मोठा होता. त्यानं पटकन इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, मी काही पाहिलं नाही. ही पट्टी नखानं निघते. विजेच्या गाड्यांचे टायर तसेही लवकर झिजतात हे मी आत्ताच बोललो ना? तेच सांगतो. खोटं थोडंच आहे ते? कोणालाही पटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझी बायको येतेय," काका म्हणाले.

"मग तर नक्कीच."

ते खरोखर सोपं होतं. जड गाडी, एकदम ओढ, सिग्नलच्या उड्या. काकूंनी तर कालच कबुली दिली होती. टायरवाला नखानं पट्टीचा कोपरा उचलू लागलासुद्धा.

"राहू द्या," काका म्हणाले.

"का?"

"सही आहे तिच्यावर."

टायरवाल्याला ते कारण कळलं नाही, पण त्यानं नख काढलं.

तेवढ्यात लेकीची गाडी दाराशी थांबली. काकू उतरल्या. आज त्यांनी चांगली साडी नेसली होती, एखाद्या निरोप समारंभाला आल्यासारखी. त्या सरळ काकांपाशी आल्या, पर्स उघडली आणि काही विचारायच्या आत आपली किल्ली त्यांच्यासमोर धरली.

"घ्या. उगाच चार लोकांत पंचनामा नको. फक्त परवाचा मंगळवार मला नेऊन पोचवा, तिघींना शब्द दिलाय. आणि जरा लवकर निघू."

"ती आत ठेव," काका म्हणाले.

"का? ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. टायर मी झिजवलेत."

लेक म्हणाली, "बाबा, तीसनं?"

"अठ्ठावीसनं," काका म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पान एकाहत्तर, खिळ्यांची पेटी, पिवळा दिवा, बटण. सांगताना ते दोघींकडे बघत नव्हते, टायरवाल्यासारखे चाकाकडे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी दार उघडून पट्टी दाखवली. लेक गुडघ्यावर बसून ती पाहत राहिली. तिच्या नोकरीत तिला गुन्हेगार शोधायला आठवडे लागत. इतका नीटनेटका पुरावा तिला कधी मिळाला नव्हता.

"बाबा, तारीखसुद्धा टाकलीय."

"टाकायची असते."

"दोनशे बारा चुका काढल्या होत्या ना त्या पुस्तकात?" काकूंनी विचारलं.

"दोनशे अकरा," काका म्हणाले. "आणि एक मी घातली."

काकू हसतील असं त्यांना वाटलं होतं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली किल्ली मुठीत मिटली. मग म्हणाल्या, "काल रात्रभर मी माझ्या पायाला बोल लावत होते. या उजव्या पायाला. म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट धड जमली आणि तीही तुला धड करता आली नाही. आणि तुम्ही समोर बसून पुस्तक वाचत होतात."

"वाचत नव्हतो," काका म्हणाले.

टायरवाला मागं जाऊन एक आधीच स्वच्छ असलेला पाना पुसू लागला.

काकांनी खिशातून आपला जुडगा काढला. घराची किल्ली, टपालपेटीची किल्ली, कपाटाची किल्ली आणि गाडीची काळी, गुळगुळीत किल्ली, सगळ्या एकाच कडीत. कडी घट्ट होती. त्यांनी नख घालून पाहिलं. नख मोडलं. दुसरं घालून पाहिलं. माणसानं मन मोठं करून काही द्यायला जावं आणि ते निघता निघू नये, याहून अवघड प्रसंग नाही. शेवटी टायरवाल्यानं पुढं होऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं कडी फाकवली आणि किल्ली काकूंच्या तळहातावर पडली.

काकूंनी दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली.

"आई, अगदीच?" लेक म्हणाली. "हवा भरायची चूक आहे, चालवायची नाही."

"त्यांनीच ठरवलं, मी नाही. कायमची, असं म्हणाले. साक्षीला तू होतीस." काकू टायरवाल्याकडे वळल्या. "नवे टायर नीट हवा ठेवली तर किती टिकतील म्हणता?"

"पस्तीस हजार, काकू."

"मग पस्तीस हजार झाल्यावर बघू."

काकांनी मनात भागाकार केला. चार वर्षं. चार वर्षांनी ते सत्तर वर्षांचे होणार होते. त्यांनी भागाकार पुन्हा तपासला. बरोबर होता. पण आज बरोबर या शब्दावर त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिसऱ्यांदाही केला.

जुने टायर निघाले, नवे चढले. टायरवाल्यानं विजेच्या गाडीसाठीचे, जास्त वजन पेलणारे टायर लावले. चाकं फिरवून त्यांचा तोल पाहिला, गाडी खाली उतरवली आणि हवेची नळी घेऊन एकेका चाकापाशी बसत सगळीकडे अडतीस भरली. लेक भाजी घेऊन पुढं निघून गेली. काका एका पालथ्या डब्यावर बसले होते. त्यांचे हात मोकळे होते आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"झालं," टायरवाला म्हणाला. "या बसा."

काकू बसल्या नाहीत. त्यांनी गाडीच्या खणातून काकांची हवामापी काढली आणि डब्यापाशी आल्या.

"बघा जरा."

"काय?"

"हवा."

"मला नको सांगूस," काका म्हणाले. "आता कुठल्याच आकड्यावर माझा..."

"आकडा तुम्हाला कोणी विचारलाय? आकडा दारावर आहे. काटा कुठं आहे तेवढं वाचून सांगा. माझा चष्मा घरी राहिलाय."

काका उठले. पहिल्या चाकापाशी वाकले, टोपण काढलं, मापी लावली. काटा पाहिला, मान तिरकी करून पुन्हा पाहिला. "अडतीस," ते हळूच म्हणाले.

"पुढं."

दुसरं चाक अडतीस. तिसरं अडतीस. काकू पाठोपाठ फिरत होत्या, पर्स काखेत घट्ट धरून. टायरवाला दाराला टेकून घड्याळ बघत होता.

चौथ्या चाकापाशी काका जरा जास्तच वेळ वाकून राहिले. त्यांनी मापी काढली, पुन्हा लावली. काही बोलावं की नको अशा विचारात टोपण हातात फिरवत बसले.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"काही नाही. असेल बरोबर."

"किती आहे?"

"मला साडेसदतीस दिसतेय," काका म्हणाले. "पण माझं काही खरं नाही."

"अहो काका, अर्ध्यानं काय होतंय?" टायरवाला म्हणाला. "उन्हात दोन किलोमीटर गेलात की आपोआप चढेल."

काकूंनी टायरवाल्याकडे पाहिलं, मग खाली वाकलेल्या काकांकडे.

"ते साडेसदतीस म्हणतायत ना," त्या म्हणाल्या. "मग भरा."

टायरवाल्यानं सुस्कारा टाकला आणि नळी ओढत आणली.